घरचा ग्रॅनोला: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या अंकात न्याहारीबद्दल लिहिताना मी एवढंच म्हटलं होतं, की ग्रॅनोलाचं पाकीट टोपलीत टाकण्याआधी त्याच्या मागची साखर वाचा आणि जमलं तर घरीच करा. त्यावर इतकी पत्रं आली, की या महिन्याचं अख्खं सदर ग्रॅनोलाला दिलं आहे. मी कोल्हापुरात अन्नशास्त्र शिकवते आणि आमच्या घरी ग्रॅनोलाची बरणी बाराही महिने भरलेली असते. त्यामुळे या प्रश्नांची उत्तरं मी मनापासून देते आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

ताई, ग्रॅनोला आणि म्यूसली यांत फरक काय? आणि कृती देताना प्रमाण मोजून द्या, "अंदाजे" नको. (पुणे)

म्यूसली ही सहसा कोरडी मिसळ असते: ओट्स, सुकामेवा, बिया एकत्र केल्या की झालं. ग्रॅनोलाला तेल आणि गोड पाक लागतो आणि मग तो भाजला जातो. खमंगपणा त्यामुळेच येतो आणि कॅलरीही त्यामुळेच वाढतात.

माझं नेहमीचं प्रमाण असं: रोल्ड ओट्स ३०० ग्रॅम, बदाम आणि शेंगदाणे मिळून १०० ग्रॅम, बिया ६० ग्रॅम (भोपळ्याच्या, सूर्यफुलाच्या, थोडे तीळ), चिरलेला गूळ ८० ग्रॅम, तेल ६० मिलिलिटर, मीठ अर्धा चमचा, दालचिनीची पूड एक चमचा. भाजून गार झाल्यावर बेदाणे ६० ग्रॅम. तेल मी घाण्याचं शेंगदाण्याचं घेते. खोबरेल किंवा साजूक तूपही चालतं. तुपाचा वास अप्रतिम येतो, पण थंडीत ग्रॅनोला थोडा मेणचट लागतो.

ओट्स "रोल्ड"च घ्या, म्हणजे मोठ्या, जाडसर चकत्या असलेले. झटपट शिजणाऱ्या बारीक ओट्सचा भुगा होतो. स्टील कट ओट्स (चकत्या न करता तुकडे केलेले) भाजल्यावर खड्यासारखे दाताखाली येतात.

गुळात तीन मोठे चमचे पाणी घालून तो मंद आचेवर विरघळू द्या. एक उकळी आली की गॅस बंद. पाक घट्ट करायचा नाही, तार बघायची नाही. हे पाणी गाळून घ्या, कारण चांगल्या गुळातही उसाचं चिपाड आणि बारीक खडे निघतात. मग त्यातच तेल, मीठ, दालचिनी घालून फेटा आणि कोरड्या मिसळीवर ओता. चमचा बाजूला ठेवा, हातानेच कालवा. प्रत्येक चकतीला ओल लागली पाहिजे आणि ती बोटांनाच कळते.

ट्रेमध्ये बोटभर जाडीपेक्षा कमी थर पसरा आणि वाटीच्या बुडाने दाबा. ओव्हन १५० अंश सेल्सिअसला आधी तापवून घ्या. मधल्या कप्प्यात २० मिनिटं, मग ट्रे फिरवून (मागची बाजू पुढे) आणखी ८ ते १० मिनिटं. बाहेर काढल्यावर तो मऊच लागेल. घाबरू नका आणि परत आत ढकलू नका. गार होताना तो कडक होतो. तासभर ट्रेला हात लावायचा नाही.

मीठ विसरू नका. अर्ध्या चमच्याने खारटपणा येत नाही, पण गोडी उठून येते आणि म्हणूनच कमी गुळात भागतं.

मी साखरेऐवजी गूळ आणि मध घालते. मग कितीही खाल्ला तरी चालेल ना? (नाशिक)

नाही. आणि याच प्रश्नावर मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे.

गूळ हा बहुतांशी साखरच असतो. त्यात थोडी खनिजं असतात, त्याला चव असते, वास असतो. मी गुळाच्या गावात राहते. शाहू मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी गुळाचे रवे मांडलेले असतात तेव्हा सगळीकडे वास दरवळत असतो आणि त्या वासावर माझा जीव आहे. पण रक्तात गेल्यावर शरीर गुळाची साखर आणि डब्यातली साखर असा भेद करत नाही. मधाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात वरून घातलेल्या साखरेबरोबर मध, पाक आणि फळांच्या रसातली साखरही एकत्र धरली आहे. ही सगळी मिळून रोजच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि ५ टक्क्यांच्या आत आणता आली तर अधिक चांगलं, असं ती तत्त्वं सांगतात. मोठ्या माणसाला ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. त्यात सकाळचा चहा आला, संध्याकाळचं बिस्किट आलं, शेजारून आलेला शिराही आला.

आता वरच्या कृतीचा हिशेब करू. सगळं मिळून साधारण ६५० ग्रॅम ग्रॅनोला तयार होतो. एका वेळी ४० ग्रॅम घेतला (आमच्याकडची आमटीची छोटी वाटी जेमतेम भरते), तर त्यात गूळ येतो ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा. कॅलरी येतात १९० च्या आसपास. हे कोणाही निरोगी माणसाला परवडण्यासारखं आहे. पण तोच ग्रॅनोला मोठ्या बाऊलमध्ये दुधात भिजवून पोटभर खाल्ला, तर सहज १०० ग्रॅम जातो, म्हणजे ४७० कॅलरी, आणि दुधाच्या वेगळ्या. ग्रॅनोला पोट भरायला खायचा नाही. पोट दह्याने, फळाने भरायचं आणि वर कुरकुरीतपणासाठी ग्रॅनोला घालायचा. घट्ट दही एक वाटी, चिरलेला पेरू किंवा पपई, वर तीन मोठे चमचे ग्रॅनोला. हे माझं रोजचं माप आहे.

बाजारातलं पाकीट उलटून बघा. आपल्याकडे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या नावाला साखर, मध, गूळ, ग्लुकोज सिरप, खजुराचा पाक असं काही आलं, की समजा ही मिठाई आहे. तीन प्रकारची गोडी वेगवेगळ्या नावांनी विभागून दिली असेल तर ती मनातल्या मनात एकत्र करा. पोषणाच्या तक्त्यात "अ‍ॅडेड शुगर" अशी वेगळी ओळ असते, ती बघा. माझ्या कृतीत १०० ग्रॅमला गूळ १२ ग्रॅमच्या आसपास बसतो. त्याच्या दुप्पट साखर असलेली पाकिटं दुकानात सहज सापडतात.

पहिल्यांदा करताना ८० ग्रॅम गूळ घाला. घरच्यांची जीभ रुळली की ६० वर या. त्याखाली गेलात तर गुठळ्या सुटतात, पण चव जात नाही.

मध गरम केला की विषारी होतो असं आजी सांगायची. ग्रॅनोलात तर तो भाजलाच जातो. (सांगली)

आयुर्वेदात मध तापवू नये असं स्पष्ट सांगितलं आहे, आणि तुमच्या घरात ते पाळत असाल तर जरूर पाळा, काहीच अडत नाही, गूळ आहे. अन्नशास्त्राच्या बाजूने एवढं सांगते, की तापवल्यावर मधातली विकरं (एन्झाइम्स) निष्क्रिय होतात, सुगंध उडतो आणि एचएमएफ नावाचं संयुग वाढतं. हेच संयुग भाजलेल्या कॉफीत आणि पावातही असतं, तेव्हा भिण्याचं कारण नाही. पण चांगला जंगली मध दीडशे अंशांवर भाजून त्याचा वास घालवणं मला पटत नाही. मध हवाच असेल तर खाताना वरून अर्धा चमचा सोडा.

सासूबाई म्हणतात, हे सगळं नवं फॅड आहे. खरं आहे का? (इंदूर)

फॅड म्हणावं तर ते दीडशे वर्षांपेक्षा जुनं आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल गावी जेम्स कॅलेब जॅक्सन नावाचे डॉक्टर आरोग्यधाम चालवत. त्यांनी १८६३ मध्ये कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचे पापुद्रे भाजून, मोडून, पुन्हा भाजून एक न्याहारी तयार केली. ती इतकी कडक होती, की रात्रभर दुधात किंवा पाण्यात भिजवल्याशिवाय चावता येत नसे. पुढे मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथे डॉ. जॉन हार्वी केलॉग यांनी तसाच पदार्थ रुग्णांना द्यायला सुरुवात केली. ओट्स, मध आणि सुकामेव्याचा आजचा ग्रॅनोला मात्र १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या तरुण पिढीने लोकप्रिय केला. सासूबाईंना हे वाचून दाखवा आणि पुढचा घाणा त्यांच्या हातचाच होऊ द्या. ज्यांना चिवडा परतता येतो त्यांचा हात यात हमखास बसतो.

माझ्याकडे ओव्हन नाही. कढईत होईल का? (ठाणे)

होईल, फक्त रीत बदलावी लागते. ओव्हनमध्ये गुळातलं पाणी भाजताना उडून जातं. कढईत ते काम आधी पाकातच करून घ्यायचं, नाहीतर ग्रॅनोला चिकट राहतो.

जाड बुडाच्या कढईत ओट्स कोरडेच मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परता. हलके झाले आणि बोटात चुरडले की पुरे. शेंगदाणे, बदाम वेगळे भाजा. तीळ आणि जवस शेवटी, तडतडले की लगेच खाली. मग तेलात गूळ आणि चमचाभर पाणी घालून पाक करा. गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकल्यावर मऊ गोळी झाली की गॅस बंद. चिक्कीइतका कडक पाक नको, आणि म्हणूनच चिक्कीचा गूळही नको, साधा घ्या. सगळं पटापट त्यात ओतून उलथन्याने ढवळा, तेल लावलेल्या परातीत काढून दाबा. रंग ओव्हनसारखा एकसारखा येत नाही, खमंगपणात मात्र काही कमी पडत नाही.

एअर फ्रायरबद्दलही तिघींनी विचारलं आहे. त्यातल्या पंख्याने ओट्स उडून वरच्या कॉइलला चिकटतात आणि करपतात. तो मी वापरत नाही.

गुठळ्या होत नाहीत, सगळं सुटंसुटं होतं. (नागपूर)

बहुधा तुम्ही भाजताना दर पाच मिनिटांनी ढवळत असाल. ढवळू नका. मिसळीत दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ किंवा मिक्सरमधून काढलेले ओट्स घाला. पाक आणि पीठ मिळून गोंदाचं काम करतात. अंडं चालत असेल तर एका अंड्याचा पांढरा बलक फेसून घाला, मग गूळ कमी असला तरी मोठे खडे निघतात. आणि पूर्ण गार झाल्यावरच हाताने मोडा.

पावसाळ्यात दोन दिवसांत सादळतो. (रत्नागिरी)

कोकणातल्या जुलैत सादळणारच, पण उपाय आहेत. बेदाणे बरणीत मिसळू नका. वाळलेल्या बेदाण्यातही साधारण १५ टक्के पाणी असतं. बंद बरणीत ते पाणी हळूहळू कोरड्या ओट्सकडे जातं: बेदाणे दगड होतात आणि ओट्स मऊ. बेदाणे, अंजीर, आंबापोळीचे तुकडे वेगळ्या डबीत ठेवा, खाताना घाला. आंबापोळी जरूर घालून बघा, तुमच्याकडे ती घरचीच असेल.

गूळ आणि मध दोन्ही हवेतली ओल ओढून घेतात, मध जास्त. तेव्हा पावसाळ्यात मध टाळाच. ग्रॅनोला कोमट असताना झाकण लावलं, तर वाफ आतच राहते. एका मोठ्या बरणीऐवजी चार लहान बरण्या भरा, म्हणजे एकच रोज उघडली जाईल. तरीही सादळला तर ताटात पसरून १५० अंशांवर पाच-सात मिनिटं ठेवा, किंवा कढईत मंद आचेवर हलवा. गार झाला की पुन्हा कुरकुरीत.

सादळणं दुरुस्त होतं, खवटपणा होत नाही. अक्रोड आणि कुटलेला जवस सगळ्यात आधी खवट होतात. खवट वास आला की गूळ-वेलचीने झाकायचा प्रयत्न करू नका, टाकून द्या. साधारण तीन आठवड्यांत संपेल एवढाच करा.

ओट्स आपले नाहीत. ज्वारी-नाचणीचा ग्रॅनोला होतो का, आणि तो जास्त पौष्टिक असतो का? (सोलापूर)

होतो आणि सुरेख होतो. ३०० ग्रॅम ओट्सच्या जागी १५० ग्रॅम ज्वारीचे पोहे, १०० ग्रॅम पातळ पोहे आणि ५० ग्रॅम राजगिऱ्याच्या लाह्या घ्या. ज्वारीचे पोहे ओट्सइतका पाक पीत नाहीत, त्यामुळे तेल ४५ मिलिलिटर पुरतं. लाह्या आधीच फुललेल्या असतात, त्या शेवटची पाच मिनिटं राहिली की घाला, नाहीतर कडवट होतात. बियांमध्ये चमचाभर कारळे घातले तर चवीला एक वेगळाच कणखरपणा येतो. सोलापूरकरांना कारळ्याची महती मी काय सांगावी!

"जास्त पौष्टिक" याचं उत्तर एका शब्दात देता येणार नाही. ओट्समध्ये बीटा-ग्लुकॅन नावाचा विरघळणारा तंतू असतो. त्याचे रोज ३ ग्रॅम पोटात गेले तर कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते, त्यासाठी साधारण ७५ ग्रॅम ओट्स लागतात. ज्वारीत हा तंतू तेवढा नाही. उलट नाचणीत १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम आहे, ते ओट्समध्ये नाही. ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, नसतं. ओट्समध्येही मुळात नसतं, पण गिरणीत आणि वाहतुकीत गव्हाची सरमिसळ होते, म्हणून सीलिॲकच्या (ज्यांना ग्लूटेन चालत नाही अशा) रुग्णांसाठी साधे ओट्स नकोत. मी घरी आलटून पालटून दोन्ही करते.

यजमानांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी ओट्स खा म्हटलं म्हणून ग्रॅनोला करून देऊ का? (सातारा)

डॉक्टरांनी सांगितलेले ओट्स आणि गुळात भाजलेले ओट्स यांत अंतर आहे, तेव्हा आधी त्यांना विचारा. माझं मत असं, की त्यांच्यासाठी तिखटमिठाचा ग्रॅनोला करा. ओट्स, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया, तीळ, फेसलेला एक पांढरा बलक, तीन चमचे तेल, हळद, जिऱ्याची भरड, हिंग, लाल तिखट, मीठ आणि हातावर चुरलेला सुकवलेला कढीपत्ता. तसाच १५० अंशांवर भाजा. ताकाबरोबर, काकडीच्या कोशिंबिरीवर, टोमॅटोच्या सारावर फार छान लागतो. गूळ नाही, बेदाणे नाहीत. ३० ग्रॅमपासून सुरुवात करा आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर खाल्ल्यानंतर दोन तासांनी साखर बघा. कोणाच्या सांगण्यापेक्षा तो आकडा जास्त खरा. आणि वाटी भरताना तुम्ही उभ्या राहा, त्यांच्या हातात बरणी देऊ नका!

लहान मुलांना कधीपासून द्यावा? (डोंबिवली)

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कोणत्याही रूपात नको, भाजलेलाही नको, बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा, धोका असतो. पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे, बदाम, मोठ्या बिया नकोत. घशात अडकतात आणि हे फार पटकन होतं. त्यांच्यासाठी मिक्सरमधून भरड काढून दह्यात कालवून द्या.

मैत्रिणी म्हणतात विकायला काढ. काय तयारी लागते? (बेळगाव)

जरूर काढा. पण घरून विकायचं असलं तरी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते, ती आधी करा. लेबलवर घटक, वजन, तयार केल्याची तारीख, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह, आणि त्यात शेंगदाणे, सुकामेवा, तीळ आहेत हे ठळक लिहा. कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तेवढ्या एका ओळीने जीव वाचतो. बलक घातला असेल तर तेही लिहावंच लागेल. आणि "शुगर फ्री" असं गूळ घालून लिहू नका. आजकाल सर्रास लिहितात, पण मधुमेही माणूस त्या दोन शब्दांवर विश्वास ठेवून खातो.

किंमत ठरवताना बदामाचा भाव धरता, तसा गॅस-विजेचा आणि तुमच्या वेळेचाही धरा.

बरणीच्या तळाशी चुरा उरतो, तो टाकवत नाही. (गोवा)

टाकू नका, त्यातच तीळ आणि मसाला सगळ्यात जास्त असतो. बिया काढलेले चार-पाच खजूर चुरून त्यात मळा आणि लहान लाडू वळा. प्रवासात बरे पडतात. किंवा भाजलेल्या केळ्यावर थोडं तूप सोडून हा चुरा भुरभुरवा. तुमच्याकडे मोयरा केळी मिळत असतील तर तीच घ्या.

पुढच्या अंकासाठी बिनसाखरेच्या पीनट बटरबद्दलचे प्रश्न आले आहेत. मिक्सर किती वॉटचा आहे ते प्रश्नाबरोबर जरूर कळवा, उत्तर त्यावर अवलंबून आहे.